आखाजीआधीचा आंबा

त्या दिवशी ऊन कलल्यावर आपण दोघांनी आढी उलटली. जोडीनं केलेलं शेवटचं काम तेच. तुझ्या खाटेखालून मी गव्हाचं काड बाहेर ओढलं, त्यात पिकायला घातलेला एकेक आंबा काढून तुझ्या हातात देत गेलो, आणि तू पडल्या पडल्या अंगठा लावून सांगत गेलीस. हा कच्चा. हाबी कच्चा. ह्याला खालून डाग पडला, बाजूला ठेवा. माझा अंगठा ह्या कामाचा नाही, मी दाबला की आंब्याला खळगा पडतो, हे तू लग्न झालं त्या सालापासून सांगत आलीस. त्या दिवशीही सांगितलंस. दम लागत होता तरी टोमणा मारायला दम होता.

मग एक आंबा तू धरून ठेवलास. अंगठा लावलाच नाहीस. नाकाशी नेलास, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "हा झाला."

मी हात पुढे केला. तू लगेच दिला नाहीस. तुझ्या मनगटात आता नुसतं हाड राहिलं होतं, तो आंबा त्या हाताला मोठा दिसत होता. मग तू दिलास. मी तो परत काडात घातला आणि म्हटलं, "आखाजी व्हऊ दे, मंग खाय."

तू म्हणालीस, "आखाजीची वाट मी नाई पाहून राह्यली. तुमीच पाहून राह्यले."

मला राग आला. खरं सांगायचं तर राग नाही, भीती वाटली, पण माझ्या तोंडातून दोन्ही सारखंच निघतं. मी म्हटलं, "चूप बस." आणि बादली घेऊन म्हशीची धार काढायला गेलो.

परत आलो तर तू चूप बसली होतीस. मी सांगितलं होतं तसं.

तेव्हापासून हे दोन शब्द माझ्या कानातून जात नाहीत. माणसं येतात, बसतात, चहा पितात, म्हणतात नाना, बाई भाग्यवान, सौभाग्याचं मरण आलं, तुमच्यासमोर गेली. माझ्यासमोर कुठे गेली? मी गोठ्यात होतो. आणि जाताना तुला माझ्याकडून काय मिळालं, तर चूप बस.

चौथी शिकलो. लिहायची सवय नाही. आपली लता म्हणाली, आबा, मनात ठेवू नका, लिहून काढा. तर लिहितो. तुझ्याशी बोलायचं ते राहून गेलं, दुसऱ्या कोणाशी बोलून उपयोग नाही.

घरची आखाजीची, अक्षय्य तृतीयेची रीत तुला माझ्यापेक्षा पाठ होती. लता लहान असताना तू डोक्यावरचा पदर पुढे ओढून, माझ्या आईसारखं नाकात बोलून तिला म्हणून दाखवायचीस, "आखाजीले पितरांसनी घागर भरानी, गोवरीना निखारावर पुरणपोळी अन् आमरसना घास टाकाना, तवलोंग घरमा कोनी आंबा तोंडले लावाना नही!" लता हसून लोळायची. मी ओट्यावरून ओरडायचो, "सासूची नक्कल करते, लाज वाटत नाही?" तू म्हणायचीस, "लाज कसाले? पोरीले रीत शिकवून राह्यली."

तू सावद्याची. केळीच्या मुलखातून कोरडवाहूत आलेली. तुझ्या बापाच्या घरी आंबा बाजारात दिसला की घरात यायचा, आणि आखाजी येईल तेव्हा येईल. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तू माहेरी गेलीस आणि परत आल्यावर हसत मला सांगितलंस, "मी गेली त्याच दिवशी भावानं आंबे आणले. पोटभर खाल्ले. आखाजीलोंग कोन थांबते?"

तुला वाटलं मीही हसेन. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. मी वाट बघत होतो, आता घरात कोण मरतं त्याची. तुला हे माहीत नव्हतं. त्या पावसाळ्यात पारडू मेलं. आई अंगणात उभी राहून म्हणाली, सावदावालीनं पितरांच्या आधी खाल्लं, त्याचं हे. तू माझ्याकडे बघितलंस. मी बैलाच्या गळ्यातली दोरी सोडवत राहिलो. आईला भ्यालो असं समजू नकोस. मला तसंच वाटत होतं. उलट मनात म्हणत होतो, पारडावर भागलं, बरं झालं.

त्यानंतर तू ह्या घरात आखाजीआधी आंबा खाल्ला नाहीस. पण तोंड गप्प ठेवलं नाहीस. आई गेल्यावर घास टाकायचं काम तुझ्याकडे आलं. निखाऱ्यावर तूप सोडून, वर पोळी आणि रस ठेवून तू माझ्या बापजाद्यांना म्हणायचीस, "खा बापा, पोटभर खा. तुमच्यामांगं आमी जित्ते बसलो, जरा लवकर आटपा." मी चिडायचो. तू म्हणायचीस, "आमच्या सावद्याचे पितर खाऊनपिऊन गेले. तुमचेच बाई उपाशी." वर धूर डोळ्यात गेला की म्हणायचीस, बघा, सासूबाई ऐकून राह्यल्या.

एका वर्षी दोघं तूर निवडत बसलो होतो, तेव्हा तू मस्करी सोडून विचारलंस, "खरं सांगा. तुमी इतकं का भेता?"

तेव्हा मी तुला भिकाची गोष्ट सांगितली. आधी कोणाला सांगितली नव्हती, नंतरही नाही.

बाप हिवाळ्यात गेला. त्या उन्हाळ्यात बांधावरच्या आंब्याखाली एक पाड पडला, झाडावरच पिकलेला, पिवळा. माझा धाकटा भाऊ भिका, त्याला तो सापडला. सदऱ्यात लपवून त्यानं गोठ्यात आणला. आखाजी अजून व्हायची होती, बापाची पहिलीच घागर भरायची होती. भिकानं चावा घेतला आणि माझ्यापुढे धरला. "घे ना दादा." मला खायचा होता. तोंडाला पाणी सुटलं होतं. पण भ्यालो, नाही घेतला. त्यानं एकट्यानं खाल्ला, कोय चाटूनपुसून पांढरी केली. आखाजी यायच्या आत जुलाब-उलट्यांनी गेला. आईला गोठ्यात कोय सापडली. ती छाती पिटून म्हणाली, "बापना घास खादा पोऱ्यानी. बाप लई ग्या त्याले."

त्यानं खाल्ला, तो मेला. मी नाही खाल्ला, मी जगलो. मला दुसरा पुरावा कशाला पाहिजे?

तू हातातली तूर तशीच ठेवून ऐकत होतीस. मग हळूच विचारलंस, "त्या साली गल्लीत अजून कोनी पोरं गेली का?"

"गेली. दोघंतिघं."

"त्यांनीबी आंबा खाल्ला व्हता?"

मी सूप बाजूला सारलं आणि उठून बाहेर गेलो. आपलं ते भांडण तिथंच राहिलं. तू परत कधी विचारलं नाहीस. मी परत कधी विचार केला नाही. गल्लीतल्या विहिरीचं पाणी त्या उन्हाळ्यात तळाला गेलं होतं, हिरवं झालं होतं, आम्ही तेच पीत होतो. हे सगळं मला आठवत होतं. पण आठवणं वेगळं आणि धरणं वेगळं. मी आंबा धरला, विहीर सोडली. पारडू मेलं ते धरलं, आणि ज्या साली आपल्या पोरानं, राजूनं, शेजाऱ्याकडे गुपचूप आंबा खाल्ला आणि काही झालं नाही, ते सोडलं. माझ्या भीतीला पाहिजे तेवढंच मी गोळा करत गेलो.

पण पुढच्या आखाजीला तू काय केलंस ते मी विसरलेलो नाही. घागरीवर बापासाठी, आईसाठी आंबे ठेवलेस आणि मग टोपलीतून एक लहानसा, गोटीएवढा म्हणावा असा आंबा शोधून बाजूला ठेवलास. मी विचारलं, हा कोणाचा? तू म्हणालीस, "लहान्याचा. त्याचा घास राहून गेला ना." त्यानंतर दरसाल ठेवलास. पितरांना टोमणे मारायचीस, पण त्या लहान आंब्यापुढे कधी मस्करी केली नाहीस. माझ्या आईनं ज्याला चोर ठरवलं त्याला तू पंक्तीत बसवलंस. तू ह्यातलं काही मानत नव्हतीस, तरी माझ्या मानण्याला सांभाळलंस. मी तुला कधी म्हटलं नाही की त्या आंब्यानं माझ्या छातीवरचा दगड थोडा हलला. आता म्हणतो. उशीर झाला.

यंदा आखाजी लांबली. दरसाल ह्या सुमाराला होऊन जाते, यंदा वैशाख पुढे सरकला. आणि तुझं हृदय थकलं. धुळ्याच्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं, म्हणाला, बाबा, आता घरी न्या. मीठ-पाणी सांभाळा, बाकी मागेल ते द्या. मागेल ते द्या ह्याचा अर्थ मला कळतो, चौथी शिकलो तरी.

गाडीत तू मागितलंस. डोकं लताच्या खांद्यावर होतं, नरडाण्याच्या फाट्यावर हातगाडीवर आंबे दिसले. महिनाभर तुला अन्नाची शिसारी होती, पेज बघितली तरी तोंड फिरवायचीस. आणि तू म्हणालीस, "मले आंबा खावासा वाटून राह्यला."

लतानं गाडी थांबवायला सांगितली. मी ड्रायव्हरला म्हटलं, "चल पुढे. आखाजी झाली नाही."

तेव्हा एक शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं.

आता खरं ऐक. नुसती रीत म्हणून मी नाही म्हटलं नव्हतं. लोकांना वाटतं म्हातारा हट्टी, रीत सोडत नाही. मला दोन भित्या होत्या. एक तुला माहीत होती, भिकाची. मी तुला आंबा दिला आणि तू गेलीस तर मीच तुला मारलं, असं मला वाटलं असतं. दुसरी मी कोणालाच सांगितली नाही. माझी आई शेवटची आजारी होती तेव्हा वैद्यानं आशा सोडलेली, पण बहीण सुरतहून यायची होती म्हणून आई थांबली. श्वास आडला, घशात घरघर लागली, तरी थांबली. बहिणीनं हात धरला आणि मग गेली. ते बघितल्यापासून माझ्या मनात बसलं, की ज्याची वाट बघायची राहिली आहे तो माणूस जात नाही. त्याचा जीव त्या गोष्टीला अडकून राहतो.

म्हणून मी तुझी वाट संपू देणार नव्हतो. तुला आंबा पाहिजे होता ना? मग आंबा आखाजीला. तोवर तुला थांबावंच लागेल. बांधावरच्या त्याच आंब्याच्या कैऱ्या मी उतरवून आणल्या आणि आढी घातली, तीसुद्धा दुसरीकडे नाही, तुझ्या खाटेखाली. वास तुझ्या नाकाशी राहावा म्हणून. वासानं तुझा जीव धरून ठेवावा म्हणून. भुकेल्या माणसाच्या नाकाखाली ताट ठेवून झाकण ठेवतात, तसं मी केलं. आणि रात्री झोपताना मला बरं वाटायचं, म्हणायचो, अजून कच्चे आहेत, अजून ती आहे.

लता जळगावहून पिशवीभर बदाम आंबे घेऊन आली तो दिवस आठवतो? तिनं दारातूनच सांगितलं, "आबा, मी आईला आंबा कापून देणार आहे, तुम्ही बाहेर बसा."

मी पिशवी धरली. बापलेकीची ओढाताण झाली, एक आंबा निसटून ओट्यावरून खाली गेला.

लता म्हणाली, "आईला काही झालं ना, तर ह्या दारात पाय ठेवणार नाही मी."

मी म्हटलं, "ह्या घरात माझ्या डोळ्यांदेखत आखाजीआधी आंबा चिरायचा नाही."

आणि तू खाटेवरून काय म्हणालीस? "ने माय, घरी ने. तुह्या पोरांले खाऊ घाल. तुह्या बापाचे पितर लई रागीट." हसलीस वर. लता रडत एसटीला गेली. मी पिशवी तिच्या खांद्यावर अडकवली. मला वाटलं, मी जिंकलो. आखाजी अजून पुढे आहे, वाट अजून शिल्लक आहे.

आणि शेवटच्या दिवशी तू म्हणालीस की वाट तू बघत नाहीस, मी बघतोय. तुला सगळं कळलं होतं का? आंबा पुढे ढकलून मी तुला अडकवून ठेवतोय, हे तू ओळखलं होतंस? की नुसतं थकून बोललीस? मला कळत नाही. ओळखलं असशील तर त्या दिवशी पिकलेला आंबा हातात आला असताना तू तो माझ्या हातात परत दिलास, तो माझ्या भीतीपायी दिलास. तो चावला असतास तर मी काय केलं असतं? हातातून ओढला असता? ह्या हातांनी? ओढला असता, मला माहीत आहे मी कसा आहे.

तुला न्हाऊ घालून नेलं. बायका खोली धुवायला आल्या, म्हणाल्या नाना, खाटेखालचं काड काढतो. मी अंगावर धावून गेलो. हात लावायचा नाही. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग मी त्या खाटेशेजारी जमिनीवर झोपायला लागलो. खालून वास यायचा. रोज वाढत गेला. मी तुला ज्या वासात ठेवलं होतं त्यात मी झोपलो तेव्हा मला कळलं की त्या वासात झोप येत नाही. तोंडाला पाणी सुटतं. मेल्या घरात, रडून रडून घसा कोरडा झालेला असताना, मला पाणी सुटत होतं. मग तुझं काय झालं असेल?

पडल्या पडल्या मी हिशोब करायचो. तुझं खरं असेल, मेलेल्याला भूक नसते, जित्याला असते, तर तुला मिळायचा होता तेव्हा मी दिला नाही आणि आता पृथ्वीवरचे सगळे आंबे आणले तरी उपयोग नाही. माझं खरं असेल, पितरं येतात आणि खातात, तर ह्या आखाजीला तू येशील आणि पहिला घास तुझा असेल. म्हणून मी माझंच खरं असावं म्हणून देवाला हात जोडायचो. बघ, आधी भीतीपोटी मानायचो, आता लाज झाकायला मानायला लागलो.

दहाव्याला तापीच्या काठावर गेलो. राजूनं डोकं केलेलं, पिंड मांडले. धोतराच्या सोग्यात मी आढीतला एक आंबा बांधून नेला होता, कोणाला न सांगता. मला ठाऊक होतं कावळा शिवणार नाही. तुझी इच्छा राहिली होती आणि ती मलाच माहीत होती. सगळे इकडचं तिकडचं बोलतील, राजू म्हणेल आबांना सांभाळीन, लता म्हणेल घर सांभाळीन, आणि कावळा बाभळीवर बसून राहील. मग मी पुढे होईन, सगळ्यांदेखत तो आंबा पिंडाशेजारी ठेवीन, आखाजीआधी, आणि म्हणेन, हा घे, चुकलो. मी मनात तयारी केली होती. लाज वाटली असती तरी चाललं असतं.

आम्ही मागे सरकलोसुद्धा नव्हतो, कावळा आला आणि पिंड घेऊन गेला.

"सुखी गेली बाई," कोणीतरी म्हणालं. "काही मांगं राहिलं नही." माणसं मोकळी झाली, बिड्या निघाल्या. मी सोग्यात आंबा धरून उभा. जन्मभर ज्या कावळ्याला मानलं त्यानं सांगितलं, तिची काही इच्छा राहिली नव्हती, म्हाताऱ्या, तू सुटलास. आणि माझ्या मनात काय आलं माहीत आहे? हा नुसता कावळा आहे. भूक लागली होती, आला. मला सोडवायला आलेल्या कावळ्यावर माझा विश्वास बसला नाही. तेव्हा मला कळलं की मी पितरांचं जे काय मानत आलो ते कावळ्यानं, निखाऱ्यानं ठरत नव्हतं. मला भ्यायचं होतं तेव्हा मी त्यातून भीती काढली. आता मला शिक्षा पाहिजे होती, तर मी माफी दिसत असूनही ती घेईना.

परतताना तुझा भाऊ शेजारी चालत होता. तो म्हणाला, "दाजी, एक सांगू? पहिल्या सालानंतर अक्कानं आमच्या घरीबी आखाजीआधी आंबा कधी खाल्ला नाई. आमी लई चिडवायचो. ती म्हने, तिकडे त्यांले भेव वाटते, मी इकडे खाऊन त्यांले फसवू का?"

तुझ्या माहेरी, जिथं मी नव्हतो, सासू नव्हती, बघणारं कोणी नव्हतं, तिथंही. आणि सगळ्या जन्मात एकदा मागितलास, फाट्यावर, गाडीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या मी खाटेखालचं काड बाहेर ओढलं. निम्मे आंबे गेले होते, काळे पडून पाणी सुटलं होतं. तू "हा झाला" म्हणालेलीस तो शोधला, तो सडून सालीची पिशवी झाला होता. बाकीच्यांना मी अंगठा लावून बघितला, हलका, तू लावायचीस तसा. एक सापडला. तुझ्या खाटेवर बसलो, देठाकडचा चीक काढून टाकला आणि चोखला.

खोटं नाही सांगत, मनात म्हटलं, आई, खरं बोलत असशील तर मला आता ने. भिकाला नेलंस तसं ने. मी संपेपर्यंत चोखला. कोय पांढरी केली. मग वाट बघत बसलो. बाहेर चिमण्या ओरडत होत्या, दूधवाल्याची मोटारसायकल गेली. पोटात काही झालं नाही. आंबा गोड होता, इतकंच.

वर बघितलं तर दारात लता. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. पाय ठेवणार नाही म्हणाली होती, पण तुला न्यायच्या आधीच येऊन पोचली, आणि तेरावं होईपर्यंत राहिली. मला वाटलं आता ती बोलेल. आज खाता आबा? आज? तिला बोलायचा हक्क होता. पण ती आली आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली.

मी आणखी एक चाचपून काढला, तिच्यापुढे धरला. "हा झाला," मी म्हटलं.

तिनं घेतला. नाकाला लावला. डोळे मिटले, थेट तुझ्यासारखे. आणि माझ्या हातात परत दिला.

"मी नाही खाणार, आबा. आईला घास पडल्याशिवाय कशी खाऊ? आखाजी झाल्यावर खाईन."

हे लता बोलली. जिनं पिशवीसाठी माझ्याशी ओढाताण केली ती. सासूची नक्कल बघून लोळून हसायची ती. मला गोठ्यात कोय घेऊन उभी राहिलेली माझी आई दिसली. ती काही दुष्ट नव्हती गं. तिचं पोरगं गेलं होतं आणि तिला काहीतरी धरायला पाहिजे होतं. तिनं जे धरलं ते मी घेतलं, माझ्याकडून तुझ्या वाट्याला आलं, आणि आता लता हात पुढे करून बसली होती. उद्या तिची पोरं.

मी लताला भिकाची गोष्ट सांगितली. गोठा सांगितला, कोय सांगितली. आणि ह्या वेळी विहीरही सांगितली, हिरवं पाणी, गल्लीतली दुसरी पोरं. तू जो प्रश्न विचारला होतास त्याचं उत्तर मी तुला सोडून तिला दिलं. म्हटलं, "नाही. त्यांनी आंबा खाल्ला नव्हता."

मग तो आंबा मी परत तिच्या हातात ठेवला. खा म्हटलं नाही, नको खाऊ म्हटलं नाही. जन्मभर दुसऱ्याच्या हातातल्या आंब्याचं मी ठरवलं. ती जरा थांबली तरी चालेल, पण तिनं माझ्या भीतीनं थांबू नये. म्हैस ओरडत होती. मी बादली उचलली आणि गोठ्यात गेलो.

धार काढून आलो तेव्हा लता खाटेवर तशीच बसली होती. हनुवटीपर्यंत रस ओघळला होता, कोय मुठीत होती, आणि ती मोठ्यानं रडत होती, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. मी बादली खाली ठेवली. तिच्या बाजूला जाऊन बसलो. चूप बस म्हटलं नाही.